खण उघडत नाही

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी घरात एकच तक्रार होती. खण उघडत नव्हता.

"अहो तपासनीसबाई," बाबांनी आतल्या खोलीतून हाक मारली, "हा खण बाहेर येत नाहीये, बघा जरा!"

ती बाहेर शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं तपासत बसली होती. काम सोमवारी द्यायचं होतं आणि छत्तीस पानं उरली होती. खण म्हणजे कॉम्प्युटरचा सीडी ठेवायचा ट्रे, हे तिला सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या माणसाच्या लेखी, ओढल्यावर बाहेर येतं ते सगळं खणच.

"बटण दाबलंत?"

"दाबलं. आत घरघर होते, मग टक् होतं, आणि मग एकदम गप्प. हुबेहूब तुझ्यासारखं."

"टोमणे नकोत. फेकून द्या तो. सीडी कोण वापरतं आता?"

"मी वापरतो. आणि आत जी अडकलीय ना, ती तुझी आहे."

"माझी? काय आहे तिच्यात?"

"बाहेर आली की कळेल."

"मग कॉम्प्युटरवरच दाखवा की."

"तिथली पुसली मी. एका नोंदीची एकच प्रत असावी. दोन झाल्या की खरी कुठली ते कळत नाही."

हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला, तोही डाव्या हाताने. उजव्या हातातलं लाल पेन तिनं खाली ठेवलं नाही.

थोड्या वेळानं बाबा दारात येऊन उभे राहिले. हातात ड्राइव्हबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका, तिच्यात मुंग्यांच्या रांगांसारखी अक्षरं. "एवढं वाचून दाखव ना. माझ्या चष्म्याला झेपत नाही हे."

"नंतर, बाबा."

मान वर न करता म्हणाली ती. त्यात विशेष काही नव्हतं. दोन वर्षांपासून बाबांची नजर अधू झाली होती, आणि रोज संध्याकाळी ते काहीतरी वाचून दाखव म्हणत. दिवसभर अक्षरांत डोळे घातलेली ती रोज 'नंतर' म्हणे. तेही रोज 'बरं' म्हणत. त्या दिवशीही म्हणाले, आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावायला गेले.

"उद्या दहाला येतो म्हणाला!" त्यांनी आतून जाहीर केलं.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सव्वानऊला ती चहा घेऊन आली, तेव्हा ते खुर्चीत होते, आणि नव्हते.

*

नऊ दिवसांनी दाराची घंटा वाजली.

दारात तिशी ओलांडलेला एक माणूस उभा होता. खांद्याला काळी पिशवी, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, केसांवर भुरभुरत्या पावसाचे थेंब.

"ताई, काका आहेत का? खण उघडत नाही म्हणून फोन होता त्यांचा."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "कधी यायचं होतं तुम्हाला?"

"सोमवारी. दहाला."

"आणि आज काय आहे?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "बुधवार... पुढचा."

"का नाही आलात?"

दुसरा कोणी आजारी होतो म्हणाला असता, गावाला गेलो होतो म्हणाला असता. तो म्हणाला, "विसरलो."

"विसरलात!"

"हो. काका रागावलेत का? मी समजावतो त्यांना."

"ते नाहीत."

"बरं, मग नंतर येऊ?"

त्या एका शब्दानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नंतर-बिंतर काही नाहीये आता! गेले ते. त्याच सोमवारी, सकाळी. तुम्ही येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते... दहा वाजायची वाट बघत. कळलं?"

त्याचा हात पिशवीच्या पट्ट्यावर तसाच राहिला. तो काहीतरी म्हणणार होता, पण तिनं दार लावून घेतलं. लावलं कसलं, आपटलंच.

हे अन्यायाचं होतं, आणि तिला ते ठाऊकही होतं. तो दहाच्या ठोक्याला आला असता तरी काय झालं असतं? पण गेल्या नऊ दिवसांत तिला सगळ्यांचाच संताप येत होता. 'सुटले हो' म्हणणाऱ्यांचा, 'आता स्वतःकडे बघ' म्हणणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त जिचा येत होता तिचं तर आरशाबाहेर नावही काढायची सोय नव्हती. एवढ्या संतापाला जाऊन आदळायला कुठलं दार नव्हतं. हा माणूस आपल्या पायांनी दाराशी आला होता.

त्याच दुपारी परदेशातून दादाचा फोन आला. तिनं सीडीचं सांगितलं.

"अगं, तो डबा भंगारात टाक," दादा म्हणाला. "मी तुला नवा लॅपटॉप पाठवतो, मस्तपैकी."

"मला लॅपटॉप नकोय."

"त्यात बाबांची कसली तरी यादी-बिदी असेल. त्यांनी आयुष्यात दुसरं केलंय काय?"

तिनं फोन ठेवला आणि तडक जाऊन कॉम्प्युटरच्या डब्याच्या वायरी उपसायला लागली. यादी तर यादी! तिच्या नावची होती ती. वायरी काढताना डब्याच्या पाठीमागे बाबांचं लेबल दिसलं. लेबलांचं तिला नवल नव्हतं. या घरात एका बरणीवर 'साखर' आणि शेजारच्या बरणीवर 'साखर नव्हे' अशी लेबलं होती. पण हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. दुकानाचा पत्ता, आणि खाली बाबांच्या टपोऱ्या अक्षरात:

'बिघडल्यास यांना बोलवावे. बोलणे तुसडे. काम चोख. सांगितलेली वेळ पाळत नाहीत. खोटे बोलत नाहीत.'

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "वेळ पाळत नाही हे माहीत होतं, आणि तरी इस्त्रीचा शर्ट!"

*

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो डबा मांडीवर घेऊन ती बसनं निघाली. दुकान एका अरुंद गल्लीत, शिंपी आणि औषधवाल्याच्या मध्ये चेपून बसवल्यासारखं होतं. पुढच्या बाजूला झेरॉक्सचं मशीन आणि त्याच्यामागे एक ठेंगणी, चष्मेवाली बाई. ती त्याची आत्या. मागे टेबलावर पोट उघडं टाकलेले तीन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यामध्ये तो.

तिला बघून तो असा उठला की स्टूलच आडवं झालं.

"मी तुमच्याशी बोलायला आलेली नाही," ती म्हणाली. "हे उघडायचंय. माझ्यासमोर."

"समोर कशाला?"

"कारण तुम्ही विसरता."

"अगदी बरोबर बोललीस, पोरी!" झेरॉक्सच्या मशीनमागून आत्या म्हणाली. "माझ्या गुडघ्याची गोळी आणायला विसरतो हा. आणि औषधवाला भिंतीपलीकडे आहे."

त्यानं मुकाट्यानं डबा टेबलावर घेतला, फिरवला, आणि मागचं लेबल वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुसडे?"

"माझ्याकडे काय बघता? मी नाही लिहिलेलं."

"तुसडा आहे मी?"

"चोखही लिहिलंय," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःवर चिडली. याची समजूत काढायला आलो आहोत का आपण?

त्यानं काम सुरू केलं. आधी वायर बदलून पाहिली, मग बटण दाबून कान लावला. घरघर, टक्, शांतता. "मोटर जिवंत आहे," तो म्हणाला. "आत काहीतरी धरून ठेवतंय." मग त्यानं कागदांना लावायची यू-पिन सरळ केली आणि ट्रेखालच्या बारीक भोकात घातली. ट्रे बोटभर बाहेर आला आणि अडला.

"ओढा ना!"

"ओढणार नाही."

"एवढा तर आलाय!"

"ओढला तर सीडी तडकेल. मग माझ्यावर ओरडायला तुम्हाला आणखी एक कारण मिळेल." त्यानं वर पाहिलं. "सध्या आहेत तेवढी पुरेत."

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. तो ड्राइव्ह डब्यातून काढून त्याचे स्क्रू सोडवू लागला. त्याची बोटं मोठी होती, आणि इतक्या मोठ्या बोटांनी इतकं हळू काम होतं याचा तिला उगाचच राग आला.

"पुस्तिका आहे का याची?"

तिनं पर्समधून काढली. बाबांच्या टेबलावरून आणली होती.

"अकराव्या पानावर बघा. माझे दोन्ही हात गुंतलेत. जरा वाचून दाखवा."

ती एकदम ताठ झाली. पुस्तिका त्याच्यासमोर आपटून म्हणाली, "स्वतः वाचा."

त्यानं हातातलं काम थांबवलं. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून त्यानं स्वतः पान उलटलं, आणि कामाला लागला. तो तुसडा माणूस त्या क्षणी काहीच बोलला नाही, हे तिच्या लक्षात राहिलं.

झाकण निघालं तेव्हा दोघांनी वाकून आत पाहिलं. सीडीवर कागदी लेबल चिकटवलं होतं, चांगलं खळ लावून, वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीला लावतात तसं. गरम होऊन कागद फुगला होता, एका कडेनं सुटला होता आणि सीडी वरून दाबून धरणाऱ्या चकतीला घट्ट चिकटून बसला होता.

"काकांनी सीडीला लेबल लावलं," तो म्हणाला.

"ते सगळ्याला लावायचे," ती म्हणाली, आणि पुस्तिका ओढून अकरावं पान मनातल्या मनात वाचलं. सगळ्यात बारीक अक्षरांत, सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात बारीक छापणाऱ्या माणसाला कामावरून काढून टाकायला हवं होतं! त्या रविवारी तिनं हे वाचून दाखवलं असतं तरी सीडी तोवर आत गेलेलीच होती. फक्त, वाचलं असतं तर बाबा म्हणाले असते, 'अरेच्चा'. दोघं हसली असती. एवढंच. एवढंच तर.

"किती दिवस लागतील?"

"थेंब थेंब स्पिरिट सोडून खळ सोडवायची. घाई करता येणार नाही. आठवडा धरा."

"मी रोज येईन."

"या ना," तो पटकन म्हणाला, आणि मग जरा सावरून, "म्हणजे... विसरायला नको, म्हणून."

ड्राइव्ह तिथेच ठेवून, नुसता डबा घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मागून आत्याचा आवाज ऐकू आला. "काय रे, पहिल्या दिवशी तिच्या घरी गेलास तेव्हा काय म्हणून हाक मारलीस तिला?"

"...ताई."

"भोग आता!"

*

ती रोज साडेपाचला जायची. तो कापसाच्या बोळ्यानं खळीवर थेंब सोडायचा आणि ती स्टुलावर बसून त्याच्या चुका शोधायची. शोधायला कष्ट पडत नसत.

"हा बोळा ओला आहे फार."

"कोरड्यानं खळ सुटत नाही."

"काल तुम्ही म्हणालात, जास्त ओलं केलं तर शाई जाईल."

"काल मी काय म्हणालो ते तुमच्या लक्षात राहतं?"

"माझं कामच आहे ते. मागच्या पानावर काय लिहिलं होतं ते लक्षात ठेवायचं."

"मग माझ्या पानावर किती लाल खुणा झाल्या आतापर्यंत?"

"पान दिसतंच कुठे आहे? सगळं लाल झालंय."

आत्या एकीकडे कुणाच्या तरी दाखल्यांच्या प्रती काढत हसायची, आणि दुसरीकडे न विचारता तीन कप चहा मागवायची. तो आता तिला ताई म्हणत नव्हता. मॅडमही म्हणत नव्हता. हाक मारायची वेळ आली की खाकरायचा.

तिला हळूहळू कळलं की बाबा या दुकानात नुसतेच येऊन बसत. खालच्या फळीवर जुने पत्र्याचे डबे होते आणि त्यांच्यावर तीच टपोरी अक्षरं. 'स्क्रू, लहान.' 'स्क्रू, फारच लहान.' 'हे कशाचे आहेत ते मालकांनाही ठाऊक नाही.'

ती ते वाचून हसली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं. हसताना लक्षात आलं की तो बोळा हातात धरून तिच्याकडे बघतोय... स्पिरिटचा थेंब त्याच्या पँटवर पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"थेंब," ती म्हणाली.

"हं?"

"पँटवर. जास्त ओलं केलंत."

पण त्याच रात्री दिवा घालवताना तिला लाज वाटली, आणि लाजेचा पुन्हा राग आला. बाबांना जाऊन महिना नाही झाला आणि आपण साडेपाच वाजायची वाट बघतो!

पुढच्या आठवड्यात शनिवारी ती पोचली तेव्हा तो टेबलाशी नुसताच बसला होता. समोर ड्राइव्ह, झाकण लावलेला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "काम गुरुवारीच झालं. सीडी निघाली. दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली, चालते. आत एकच फाइल आहे. ती उघडली नाही मी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"काल मी इथे बसले होते. तासभर. तुम्ही माझ्यासमोर बोळा फिरवत होतात!"

"रिकाम्या ड्राइव्हवर."

"का?"

तो दोन वेळा खाकरला. "तुमचं येणं बंद झालं असतं... म्हणून."

दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या कुठल्या वस्तूबद्दल हे ऐकलं असतं तर तिच्या गालांवर काहीतरी फुललं असतं. फुललंही कदाचित. पण त्याच्या आधी अंगाचा तिळपापड झाला.

"माझे बाबा आहेत त्यात! जे काही उरलंय ते त्या सीडीत आहे, आणि तुम्ही मला दोन दिवस... 'खोटे बोलत नाहीत' म्हणे! बाबांनी लेबलावर लिहिलंय तुमच्यासाठी!"

"म्हणून तर सांगितलं," तो पुटपुटला. "दोन दिवस झोप नाही त्या लेबलामुळे."

तिनं ड्राइव्ह उचलला, सीडी उचलली, आणि चालू लागली. आत्यानं मशीन बंद करून पुतण्याकडे पाहिलं. "आधी ताई, आणि आता हे. तुझ्या अकलेची प्रत काढायला घेतली तर कोरा कागद येईल, बाबा."

बाहेर पाऊस लागला होता. गल्लीच्या टोकाशी मागून पावलं वाजली. तो भिजत पळत आला होता, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"मला नकोय."

"तुम्हाला नाही. ड्राइव्हला."

तिनं पिशवी हिसकावली. तिच्या बोटांना त्याची बोटं क्षणभर लागली, आणि स्पिरिटचा वास तिच्या हातावर राहिला.

"उद्या दहाला येतो," तो म्हणाला. "बसवून द्यायला."

"येऊ नका. आणि म्हणालात तरी तुम्ही काही येत नाही."

*

रविवारी सकाळी ती त्याची वाट वगैरे मुळीच बघत नव्हती. तिनं स्वतः ड्राइव्ह डब्यात बसवून पाहिला. एक वायर उरली, आणि ती कुठली ते कळेना. मग ती हात धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली, आणि बसल्यावर लक्षात आलं, आपण इस्त्रीचा कुर्ता घातलाय.

ती ताडकन उठली. असा संताप आला स्वतःचा!

दहाला तीन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली आणि दाराबाहेर थांबली. घंटा वाजेना. तिनं दाराच्या भिंगातून पाहिलं. तो मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून उभा होता. काटा सरकला, तसं त्यानं बटण दाबलं.

"दहा," दार उघडल्यावर तो म्हणाला.

"तीन आठवडे उशीर झालाय," ती म्हणाली. पण बाजूला झाली.

उरलेली वायर त्यानं जागेवर लावली. बटण दाबलं. घरघर झाली, टक् झालं नाही, आणि खण अलगद बाहेर आला, कुणी हात पुढे करावा तसा. तिनं सीडी ठेवली. फाइल उघडेपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दादाचं बरोबर होतं. यादीच होती. वरती लिहिलं होतं, 'लेकीचे वाचन'. तिनं आजवर वाचलेलं प्रत्येक पुस्तक, तिचं वय, आणि शेवटच्या रकान्यात बाबांचा शेरा.

'वय चार. चित्रांचे. उलटे धरून वाचले, पूर्ण.'

'वय सात. गोष्टीचे. शेवटचे पान फाडले. विचारल्यावर म्हणाली, शेवट चुकला होता.'

'वय पंधरा. कादंबरी. उशीखाली लपवून. मला दिसली नाही.'

पानंच्या पानं. ती खाली खाली जात राहिली. कुठे हसली, कुठे 'खोटं आहे हे!' म्हणाली, आणि शेवटच्या नोंदीशी आली. पुस्तकाचा रकाना रिकामा होता.

'वय चौतीस. वाचून दाखव म्हटले की नंतर म्हणते. म्हणू दे. मला घाई नाही.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

"घाई नाही म्हणे," ती शेवटी म्हणाली. "बघा, लिहिलंय काय! घाई नाही! आणि सोमवारी सकाळी चहासुद्धा न पिता... कोण खोटं बोललं मग? तुम्ही दोन दिवसच बोललात. यांनी तर लिहून ठेवलंय!"

तो खिडकीपासून वळला. त्यानं पिशवीतून एक जाड वही काढली, तिच्यातून टिपकागदाची घडी, आणि घडीतून ते लेबल. त्यानं ते सोडवून, धुऊन, सपाट करून वाळवलं होतं. शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. 'लेकीचे वाचन. घरातच वाचावे.'

"हे टाकून द्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "दोन दिवस त्यालाही लागले. म्हणजे... ते खरं कारण नाही. खरं कारण काल सांगितलं तेच."

तिनं लेबल तळहातावर घेतलं. टिपकागदासारखं हलकं झालं होतं ते.

"मीपण त्यांना थांबवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं. तुम्ही नऊच दिवस."

अवजारं पिशवीत भरून त्यानं पट्टा खांद्यावर घेतला. "निघतो. आत्या म्हणत होती, विचारून बघ... मी परत आलो तर चालेल का? दुरुस्ती नसतानाही. आता नाही, नंतर कधी—"

"नंतर नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो दाराकडे वळला.

"अहो, कुठे निघालात? 'नंतर नाही' म्हणाले मी. 'नाही' असं नाही म्हणाले."

ती कपाटाशी गेली. तिसऱ्या फळीवर, जिथे बाबांनी ठेवलं होतं तिथेच, सात वर्षांच्या मुलीचं पुस्तक होतं. पुठ्ठा सैल झालेला, पाठीवर लेबल.

"याला शेवटचं पान नाहीये," ती म्हणाली.

"मग शेवट कसा कळणार?"

"चुकला होता तो. आपण बघू काय करायचं ते. बसा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. "तिथे? काकांच्या...?"

"तिथेच. ते काही बोलणार नाहीत. त्यांना घाई नाही."

तो खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवी मांडीवर धरून, परीक्षेला बसल्यासारखा. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या मोठ्या, खळीचे डाग पडलेल्या बोटांवर होतं. ती समोर बसली. पहिलं पान उघडलं. घसा साफ केला. अक्षरं हलत होती, तिनं ती स्थिर होऊ दिली. मग वर पाहून, त्याच्याकडे आणि त्याच्या पाठीमागच्या खुर्चीच्या झिजलेल्या कडेकडे बघत, ती मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाली,

"ऐका, बाबा. वाचून दाखवते."